जिममधली यंत्रे आणि पाटीवरचे आकडे

साधी यंत्रे शिकवताना कप्पीचे उदाहरण म्हणून आपण विहिरीवरचा रहाट सांगतो. बहुतेक मुलांनी रहाट आता चित्रातच पाहिलेला असतो. त्यांतलीच काही मुले दहावीनंतर गावातल्या जिममध्ये जाऊ लागतात, आणि तिथे एकेका यंत्रात चार-चार, पाच-पाच कप्प्या असतात. तरफ, उतरण, चाक आणि आस हे सगळे एकाच खोलीत हाताला लागते. कप्पी शिकवायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

ही यंत्रे निवडतो कोण? तालुक्याच्या गावी बहुधा पंचविशी-तिशीतला एखादा तरुण, आणि तेही कर्ज काढून. त्याच्यासमोर तीन-चार विक्रेत्यांची कोटेशने असतात. मोटर इतक्या अश्वशक्तीची, वजनांची चळत इतक्या किलोची, सायकलचे चाक इतक्या किलोचे, पाइप इतक्या गेजचा, असे आकडे त्यात असतात. आकडे खोटे असतातच असे नाही. पण यंत्र किती दिवस टिकेल आणि त्यावर बसणाऱ्याच्या गुडघ्याचे काय होईल, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांत नसतात. जुन्या तालमीत ही अडचण नव्हती. मुद्गल दहा किलोचा असेल तर दहाच किलोचा. त्याच्या आत दडलेले काही नाही. यंत्रात मात्र वजन आणि हात यांच्यामध्ये बरेच काही असते.

पहिली गोष्ट, ‘व्यावसायिक’ या शब्दाचा अर्थ. विक्रेत्याच्या तोंडी त्याचा अर्थ मोठे, जड, महाग असा असतो. खरा अर्थ आवर्तनांच्या संख्येत आहे. समजा, वरून दांडी खाली ओढण्याचे यंत्र रोज ४० जण वापरतात. प्रत्येक जण १२ वेळा ओढण्याचे तीन फेरे करतो. म्हणजे दिवसाला १,४४० आवर्तने. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४ लाख ३२ हजार. हेच यंत्र घरी असेल आणि एकच माणूस आठवड्यातून तीनदा वापरत असेल, तर वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास. भार तोच, माणसेही तशीच, पण आवर्तने सुमारे ७७ पट.

याने फरक का पडावा? कारण धातू थकतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने आगगाडीच्या डब्यांचे आस का मोडतात याचा अभ्यास केला. एका वेळी सहज पेलता येईल असा भार पुन्हा पुन्हा, उलटसुलट दिला तर लोखंड अखेर मोडते, हे त्याने मोजून दाखवले. वर्गात हे दोन मिनिटांत करून दाखवता येते. कागदाला लावायची तारेची क्लिप घ्या. सरळ करून काटकोनात वाकवा, पुन्हा सरळ करा, आणि किती वेळांनी तुटते ते मोजा. दुसरी क्लिप निम्म्याच कोनातून वाकवा आणि मोजा. बळ कमी केले तर आयुष्य किंचित वाढते अशी मुलांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते बरेच जास्त वाढते.

जिमच्या यंत्रात ही क्लिप म्हणजे केबल. ती अनेक बारीक तारांची वळलेली असते. कप्पीवरून जाताना प्रत्येक तार वाकते आणि पुढे सरळ होते. वाकताना तारेच्या बाहेरच्या बाजूला येणारा ताण तारेची जाडी आणि कप्पीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. ५ मिलिमीटरच्या नेहमीच्या केबलमधील एकेक तार सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटर जाड असते. कप्पी ९० मिलिमीटर व्यासाची असेल तर तार वाकताना ०.३७ टक्के ताणली जाते, ५० मिलिमीटरची असेल तर ०.६६ टक्के. आकडे लहान दिसतात, पण पोलादासाठी दुसरा आकडा फार मोठा आहे. म्हणून केबल किती किलोला तुटते हे विचारण्याऐवजी कप्पीचा व्यास फूटपट्टीने मोजावा. छोट्या कप्प्या लावलेले यंत्र आटोपशीर आणि देखणे दिसते. घरी ते वर्षानुवर्षे चालेलही. चाळीस जणांच्या हाताखाली चालणार नाही. शिवाय केबलवर प्लॅस्टिकचे आवरण असल्याने आतल्या तारा तुटलेल्या दिसत नाहीत. आवरण कुठे फुगले आहे का, आणि टोकाच्या पकडीजवळ तडकले आहे का, हे हात फिरवून पाहावे लागते. डोक्यावरची दांडी केबलसकट खाली येते तेव्हा ती धरणाऱ्याच्या मानेवर किंवा तोंडावर येते.

व्यायामाच्या यंत्रांसाठी आयएसओ २०९५७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात घरगुती यंत्रांचा वर्ग ‘एच’ आणि संस्था, क्लब, शाळा यांच्यासाठीचा वर्ग ‘एस’. यंत्राच्या पाटीवर हे अक्षर असावे. घरगुती वर्गाचे यंत्र जिममध्ये लावले की बऱ्याच विक्रेत्यांची हमी तिथेच संपते, आणि ही ओळ कोटेशनमध्ये सर्वांत बारीक टाइपात असते.

आता वजनांच्या चळतीकडे वळू. पत्र्यांवर ५, १०, १५ असे आकडे असतात. खुंटी २० वर घातली म्हणजे हाताला २० किलो लागणार, असे सगळेच धरून चालतात. कप्प्या सर्व स्थिर असतील तर हे ठीक. एखादी कप्पी चळतीबरोबर वर-खाली होत असेल तर ती चल कप्पी. मग हाताला निम्माच भार लागतो आणि हात दुप्पट अंतर जातो. दोन बाजूंना दोन केबली असलेल्या यंत्रांत हे नेहमी आढळते. त्यात लबाडी नाही. लांबवर हात नेण्याच्या व्यायामासाठी ती सोय मुद्दाम केलेली असते. मात्र ‘आमची चळत १०० किलोची’ या वाक्याचा अर्थ बदलतो. ओळखायला सोपे आहे. मूठ एक मीटर ओढा आणि चळत किती उचलली गेली ते टेपने मोजा.

याहून उपयोगी चाचणी घर्षणाची. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा एवढे वजन पेलणार नाही. सामान तोलायचा हातकाटा चालेल. खुंटी २० किलोवर घाला, मुठीच्या जागी काटा अडकवा आणि चळत अगदी सावकाश, एकाच गतीने वर न्या. काटा काय दाखवतो ते पाहा. मग तितक्याच सावकाश खाली सोडा आणि पुन्हा पाहा. समजा, वर नेताना २३ आणि खाली आणताना १७ दिसले. दोन्हींची सरासरी २०, म्हणजे कप्प्या स्थिर आहेत आणि पत्र्यांवरचे आकडे बरोबर आहेत. दोन्हींतला फरक ६, त्याचा निम्मा म्हणजे ३ किलो हे घर्षण. वर नेताना ते आपल्या विरुद्ध होते, खाली आणताना आपल्या बाजूने. चांगल्या बॉलबेअरिंगच्या कप्प्या आणि ओळंब्यात बसवलेले सळईमार्ग असतील तर फरक लहान येतो. मोठा आला तर यंत्र स्वस्त का आहे ते कळते.

विक्रेता म्हणेल, वर नेताना जास्त लागले तर उलट व्यायाम जास्त होतो! इथे स्नायूंचा एक गुणधर्म आड येतो. स्नायू आखडताना जितके बळ लावू शकतो त्याहून अधिक बळ तो ताणला जात असताना, म्हणजे वजन सावकाश खाली आणताना, पेलू शकतो. १९५२ मध्ये अॅबट, बिग्लंड आणि रिची या तीन शास्त्रज्ञांनी यासाठी एक मजेदार प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकावरचा माणूस पुढे पायडल मारी, दुसरा ती उलटी फिरणारी पायडले थोपवून धरण्याचा प्रयत्न करी. दोघांचे बळ सारखे, वेगही सारखा. पण थोपवणाऱ्याला प्राणवायू कितीतरी कमी लागत होता. अंगापिंडाने लहान बाईही थोपवण्याच्या बाजूला बसून धिप्पाड गड्याला दमवू शकत असे. जिना चढताना धाप लागते आणि उतरताना लागत नाही, त्यामागेही हेच आहे.

आता आपल्या यंत्राकडे पाहा. जिथे स्नायू कमी पेलू शकतो तिथे घर्षणाने भार २३ केला, आणि जिथे जास्त पेलू शकतो तिथे १७ वर आणला. म्हणजे यंत्र नेमके उलटे वागते. डंबेलला कप्पी नसते, त्यामुळे हा दोषही नसतो. सरळ दांडी, सुट्या चकत्या आणि मजबूत चौकट यांवर आधी खर्च करावा, असे माझे मत आहे ते याचमुळे. पुरुषांची ऑलिंपिक दांडी २० किलोची आणि स्त्रियांची १५ किलोची असते, टोकांचा व्यास ५० मिलिमीटर. या मापाची घेतली की पुढे कुठल्याही विक्रेत्याच्या चकत्या त्यात बसतात. चकत्या मात्र किराणा दुकानदाराच्या काट्यावर एकेक तोलून घ्याव्यात.

मग यंत्रे लागतातच कशाला? नवख्याला तोल सांभाळावा लागत नाही, अंगावर वजन पडत नाही, आणि काही हालचालींत सुट्या वजनाचे आघूर्ण नको तिथे कमी होते. डंबेल धरलेला हात कोपरात काटकोनात असताना भारभुजा सर्वांत लांब असते. हात खांद्याकडे आला की ती जवळजवळ शून्य होते. १९७० मध्ये आर्थर जोन्स या अमेरिकन गृहस्थाने गोल कप्पीऐवजी शंखाच्या वळणाची वेडीवाकडी कप्पी बसवून भारभुजा स्नायूच्या ताकदीबरोबर बदलती ठेवली. त्या आकारावरूनच त्याने यंत्रांना ‘नॉटिलस’ हे शंखधारी प्राण्याचे नाव दिले. आजही कित्येक यंत्रांत अशी कप्पी दिसते. वर्गातल्या तरफेच्या प्रयोगाचे याहून हुशार रूप मला ठाऊक नाही.

पण अशा यंत्राची एक अट असते. यंत्र ज्या बिंदूभोवती फिरते तो बिंदू आणि माणसाचा सांधा एका रेषेत यायला हवा. खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचे यंत्र घ्या. गुडघा आणि यंत्राचा आस एकमेकांसमोर असतील तर नडगीवरची गादी एकाच जागी राहते. नसतील तर दोन वेगळ्या केंद्रांची वर्तुळे होतात, गादी नडगीवर वर-खाली घसरते आणि गुडघ्यावर आडवे बळ येते. आपल्याकडच्या प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि पुरुषांची १६५ च्या आसपास. परदेशी नमुन्यांवरून हुबेहूब उतरवलेल्या यंत्रांत पाठीची फळी पुरेशी पुढे येतच नाही. तेव्हा यंत्र घ्यायला जाताना घरातल्या सर्वांत बुटक्या बाईला बरोबर न्यावे, तिला बसवावे आणि गादी घसरते का ते पाहावे. कोटेशनमध्ये याचा आकडा कधीच नसतो.

तिरप्या रुळांवरून पायाने ढकलायच्या यंत्राबद्दल एवढेच, की रूळ ४५ अंशांत असतील तर १०० किलो घातल्यावर पायांना सुमारे ७१ किलोच लागतात. उतरणीचा धडा. पोरे आपापसांत ज्या बढाया मारतात त्यांना ०.७१ ने गुणावे.

सर्वांत जास्त पैसे जातात ते ट्रेडमिलवर, आणि सर्वांत जास्त फसगतही तिथेच होते. हा शब्द मूळचा तुरुंगातला आहे. इंग्लंडमध्ये १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या अभियंत्याने कैद्यांनी पायाने फिरवायचे भले मोठे पायऱ्यांचे चाक तयार केले. १८९८ च्या कायद्यानंतर ती शिक्षा बंद झाली. तेव्हा माणूस चाक फिरवी, आता मोटर पट्टा फिरवते. पट्टाच पळत असेल तर माणसाला श्रम कसले, असा प्रश्न हुशार मुले विचारतात. पट्टा एकाच गतीने जात असेल तर पायांच्या दृष्टीने जमीन हलते की माणूस हलतो याने काही फरक पडत नाही. धावत्या आगगाडीत चालण्यासारखेच ते. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा रोध तेवढा नसतो.

मग मोटरला काम कशाचे? पट्ट्याखालच्या फळीशी होणाऱ्या घर्षणाचे. ९० किलोचा माणूस घ्या. धावताना तो क्षणभर हवेत असतो आणि क्षणभर दुप्पट-अडीचपट जोराने दाबतो, पण सरासरी दाब त्याच्या वजनाइतकाच, ८८२ न्यूटन. घर्षणांक ०.२ धरला तर घर्षणबल १७६ न्यूटन. वेग ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर. गुणाकार ४९० वॅट, पाऊण अश्वशक्तीही नाही. पट्ट्याखालचे सिलिकॉन तेल सुकले आणि घर्षणांक दुप्पट झाला तर ९८० वॅट. मोटरचे व नियंत्रकाचे नुकसान आणि थोडी राखीव शक्ती धरून सतत ३ अश्वशक्ती देणारी मोटर भरपूर झाली.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका तरुणाने अशीच कोटेशने दाखवायला आणली होती. आईचे दागिने तारण ठेवून तो जिम काढत होता. त्याने निवडलेल्या ट्रेडमिलवर ‘६ एच.पी.’ असे होते, शेजारच्या महाग यंत्रावर ‘३ एच.पी.’. मी त्याला एकच हिशेब करायला सांगितला. घरातला मोठा सॉकेट १६ अँपिअरचा आणि दाब २३० व्होल्ट. गुणाकार ३,६८० वॅट. एक अश्वशक्ती ७४६ वॅटची. म्हणजे त्या सॉकेटमधून पाच अश्वशक्तीही सतत बाहेर पडू शकत नाहीत, मग सहा कुठून येणार? तो आकडा मोटर क्षणभर देऊ शकेल अशा कमाल शक्तीचा होता. शेजारच्या यंत्राचा आकडा ती दिवसभर देऊ शकेल अशा शक्तीचा. ‘सतत’ हा शब्द लेखी मागितल्यावर पहिल्या विक्रेत्याने दीड लिहून दिले.

दीड अश्वशक्ती म्हणजे १,११९ वॅट. वरच्या हिशेबाने ती पुरायला हवी, असे कोणी म्हणेल. तेल ताजे असेपर्यंत आणि धावणारा सडपातळ असेपर्यंत पुरतेही. पण मोटर जळते ती बहुधा जोरात धावणाऱ्यामुळे नव्हे. घर्षणबल वेगावर फारसे अवलंबून नसते, वजनावर असते. ११० किलोचा माणूस ताशी ३ किलोमीटरने चालतो तेव्हा मोटरला ओढावे लागणारे बळ जवळपास तेवढेच असते, त्यामुळे डी.सी. मोटरमधला विद्युतप्रवाहही तेवढाच असतो, आणि तारांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होते. ती उडवून लावणारा पंखा मात्र बऱ्याच मोटरांत त्याच आसावर बसवलेला असतो आणि आता तो रेंगाळत फिरतो. जिममध्ये नव्याने येणारा माणूस कोण असतो? डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेला, हळू चालणारा. स्वस्त मोटरची खरी परीक्षा तोच घेतो. वायरमनकडे टाँग टेस्टर असतो. यंत्र घेण्यापूर्वी जड माणसाला अर्धा तास सावकाश चालायला लावून प्रवाह मोजावा, आणि नंतर मोटरच्या झाकणावर हात ठेवून पाहावे.

ट्रेडमिलच्या मागे निदान दोन मीटर जागा मोकळी हवी. पाय चुकलेला माणूस पट्ट्याच्या वेगाने मागे फेकला जातो. मागे भिंत असेल तर तो भिंत आणि फिरता पट्टा यांच्या मध्ये अडकतो. खोली लहान म्हणून सर्रास याकडे डोळेझाक होते. जागा नसेल तर एक ट्रेडमिल कमी घ्यावी.

सायकलबद्दल थोडक्यात. ‘२० किलोचे चाक’ म्हणजे व्यायाम कठीण, असे नाही. जड चाक फक्त गती एकसारखी ठेवते. त्यात साठणारी ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून हलके चाक दुप्पट वेगाने फिरवले की चौपट वजनाचे काम करते. रोध देतो तो ब्रेक. लोकरी नमद्याचा ब्रेक झिजतो, चुंबकाचा झिजत नाही. फिरत्या धातूत भोवऱ्यासारख्या विद्युतधारा तयार होतात आणि त्या गतीला विरोध करतात. तांब्याच्या नळीतून सावकाश पडणारा चुंबक हा त्याचाच वर्गातला प्रयोग. चुंबकी सायकलींच्या काही साध्या नमुन्यांना वीजही लागत नाही, आणि भारनियमन असलेल्या गावी हे मोलाचे आहे.

पाइपच्या गेजचा आकडा उलटा चालतो हे लक्षात असू द्यावे. १४ गेज सुमारे २ मिलिमीटर, ११ गेज सुमारे ३. पण जाडीच सर्व काही नाही. ५० मिलिमीटरचा ३ मिलिमीटर जाड चौकोनी पाइप आणि ७५ मिलिमीटरचा २ मिलिमीटर जाड पाइप यांत लोखंड सारखेच लागते. वाकण्याला दुसऱ्याचा विरोध मात्र सुमारे अडीच पट असतो. एकाच मापाचे दोन कागद घेऊन एकाची बारीक आणि दुसऱ्याची रुंद नळी करावी, आणि दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधोमध वजने टांगावीत. मुलांना पुढचे सांगावे लागत नाही. जोडकामाकडे मात्र बारकाईने पाहावे. थकलेले लोखंड तिथूनच तडकते.

राहिला प्रश्न वजनांच्या टप्प्यांचा. कोटेशनमध्ये चळतीचे कमाल वजन मोठ्या अक्षरात असते, किमान वजन आणि टप्पा नसतोच. पन्नाशीची एखादी बाई ५ किलोने सुरुवात करते. महिन्याभराने तिला पुढे जायचे असते आणि पुढचा पत्रा १० चा असतो. म्हणजे तिने एका दिवसात दुप्पट व्हायचे! ८० किलो ओढणाऱ्या पैलवानाला तेच ५ किलो म्हणजे सहा टक्के. ती बाई एक तर खांदा दुखावून घेते किंवा यायचे बंद करते, आणि तिची वर्गणीही बंद होते. सव्वा-सव्वा किलोचे जादा तुकडे चळतीवर ठेवायची सोय असली की हा प्रश्न मिटतो. डंबेल घेतानाही हेच. लोखंड किलोच्या भावाने मिळते. ४० किलोच्या एका जोडीत ८० किलो लोखंड असते, आणि १ पासून ८ किलोपर्यंतच्या आठही जोड्यांचे मिळून ७२ किलो. ४० किलोची जोडी उचलणारे गावात किती आहेत, हे कर्ज काढणाऱ्याला विक्रेत्यापेक्षा जास्त ठाऊक असते.